लॅपटॉपात माया किती?

३ तारीख, सोमवार

आणि सगळ्यांत आधी कोण टपकलं, तर भोंगा! माझ्या धाकट्या दिरांचा मुलगा. बोलायला लागला की खालच्या मजल्यावरचं बाळ दचकून उठतं, म्हणून घरात त्याला भोंगाच म्हणतात. नातीचा लॅपटॉप बंद पडला हे मी सकाळी जिन्यात शेजारणीला सांगितलं, आणि जेवणं व्हायच्या आत हा बायकोसकट दारात उभा. बायको त्याच्या प्रत्येक वाक्याला "हो ना, हो ना" करते. मी मनात तिला होनाबाई म्हणते. तोंडावर अजून म्हटलेलं नाही.

भोंगा बटाट्याच्या कापांची पिशवी घेऊन थेट टेबलाशी बसला. एक काप तोंडात, बोटं चाटली, आणि तीच ओली बोटं लॅपटॉपच्या बटणांवर. शी! परत काप, परत चाटणं, परत बटणं. मी फडकं पुढे केलं, तर त्याने त्यालाच तोंड पुसलं.

"काकू, हे भंगार झालं," तो म्हणाला. "आता घ्यायचा तर टॉपचा घ्यायचा."

"हो ना, हो ना."

"कुणाच्या पैशाने टॉपचा?" मी विचारलं.

तो हसला. मागच्या दाढेपर्यंत काप चिकटलेले दिसले. जेवणावरची वासनाच गेली माझी.

ही वही म्हणजे माझी जुनी मापाची वही. शाळा मी दुसरीपर्यंत केली, बाकीची अक्षरं छाती, कंबर, उंची, बाही लिहून लिहून शिकले. चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवले. मागची पानं कोरी राहिलीत, त्यात मनातलं लिहिते. कुणी वाचत नाही, म्हणून बरं.

नातीला मी टाचणी म्हणते. अंगाने तेवढीच, आणि टोचायलाही तेवढीच. तिचं काम ऐकाल तर थक्क व्हाल. कापडावर खडूने नमुना आखायचा नाही, सगळं लॅपटॉपवर. पडद्यावर एक बाहुली उभी असते, तिच्या अंगावर टाचणी कोट चढवते, बाहुली चालते आणि कोट कुठे ओढतो, कुठे फुगतो ते दिसतं. कापड फाडायच्या आधी! मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा टाळ्या वाजवल्या होत्या. मला हे असतं तर किती लोकांचं कापड वाचलं असतं, आणि माझ्या किती शिव्या वाचल्या असत्या.

तर एका मोठ्या शिवण-कारखान्याच्या बाईंनी तिला कसोटीचं काम दिलंय. एकच कोट, सहा मापांत. सतरा तारखेला बाई स्वतः घरी येऊन पडद्यावर बघणार. जमलं तर नोकरी, नाही तर दुसरी एक मुलगी रांगेत आहेच. आणि लॅपटॉप मेला आजच.

४ तारीख, मंगळवार

दुरुस्तीवाल्याकडे गेलो, मी आणि टाचणी. त्याचं दुकान म्हणजे जिन्याखालची फट. एका डोळ्यावर भिंग बांधून बसतो, दुसऱ्या डोळ्याने गिऱ्हाईक बघतो.

त्याने लॅपटॉपचं पोट उघडलं. देवा! आत केसांचे पुंजके, बिस्किटाचा चुरा, नखाचा तुकडा, आणि एक झुरळ वाळून कडकडीत. बॅटरी फुगून टम्म, बटणांखाली काहीतरी चिकट तपकिरी. मी रुमाल नाकाला लावला.

"आजी, तुमच्या घरातली सगळी माणसं आहेत ह्यात," तो चिमट्याने केस उचलत म्हणाला. "हा पांढरा तुमचा."

"ठेव तो. आधीच कमी आहेत."

टाचणी हसली. दोन दिवसांत पहिल्यांदा. पण लॅपटॉप काही वाचला नाही. मुख्य पाटीच जळली, म्हणाला.

मग मी त्याला खोदून खोदून विचारलं, नव्यात काय बघायचं? माणूस भला, स्टूल पुसून दिलं. (नीट नाही पुसलं, पण मी बसले.) तो म्हणाला, मेमरी म्हणजे तुमचं कटिंगचं टेबल. जेवढं मोठं, तेवढं काम एका वेळी पसरता येतं. आणि साठवणीची जागा म्हणजे कापडाचं कपाट. पोरीच्या बाहुलीला टेबल मोठं लागतं, कपाट नाही. कपाट नंतर दुसरं बसवता येतं. "पण आजी, हल्ली बऱ्याच लॅपटॉपात मेमरी पाटीवरच कथलाचा डाग देऊन बसवतात. मग ती पुढे वाढवता येत नाही. तेवढं विचारून घ्या."

"म्हणजे शिवणीत माया ठेवलेली नसते," मी म्हटलं.

त्याला कळेना. मी माझी बाही उलटी करून दाखवली. शिवणीच्या आत हे जास्तीचं कापड सोडलेलं असतं ना, त्याला माया म्हणतात. माणूस जाड झालं की उसवून सोडता येतं. माया नसली तर कपडा फेका.

"अगदी तेच!" त्याने भिंग वर केलं. "माया आहे का, एवढंच विचारा."

मी खूश. एवढ्या मोठ्या यंत्राचा प्रश्न एका शब्दात बसला.

७ तारीख, शुक्रवार

तीन दिवस टाचणी तासावर मिळणाऱ्या कंप्युटरवर बसून काम करतेय. तिथल्या खुर्चीच्या खाली चघळलेले च्युइंगम चिकटवलेत म्हणे. मी तिला बसायला जुनी चादर दिली.

रात्रीचं जेवण झाल्यावर तिने चिठ्ठी लिहून दिली, माझ्यासाठी मोठ्या अक्षरात. मेमरी बत्तीस. हलका. बॅटरी दिवसभर टिकणारी. उद्या तिला वेळ नाही, म्हणून मी आणि भोंगा जाणार. माझा लेक बस घेऊन बाहेरगावी, सुनेची इस्पितळात पाळी. भोंग्याशिवाय कोण आहे रिकामं?

"हलका कशाला गं?" मी विचारलं. "टेबल काय उठून चालणार आहे? मोठ्या पडद्याचा घे, मलाही चष्म्याशिवाय बाहुली दिसेल."

ती म्हणाली, "हलकाच हवा, आजी."

"आई, राहू द्या ना," सून मधेच म्हणाली. "हलका म्हणतेय तर हलका." आणि दोघी एकदम भांडी आवरायला उठल्या. घरात भांडी आवरायला दोन माणसं एकदम उठली हे मी आजच पाहिलं.

८ तारीख, शनिवार

आज घेतला! पण आधी त्या दुकानाची घाण सांगते.

दुकान चकचकीत, पण मांडून ठेवलेल्या एकेका लॅपटॉपला हात लावाल तर शपथ. पडद्यांवर बोटांचे तेलकट ठसे, बटणांवर मळ, एकावर तर कुणीतरी शिंकलेलं तसंच वाळलेलं. विकणारा पोरगा सारखा हसत होता. अत्तर इतकं मारलेलं की माझ्या जिभेवर चव आली. मी त्याचं नाव हसरा ठेवलं.

मी चिठ्ठी दिली. हसऱ्याने वाचली आणि म्हणाला, "आजी, मेमरी बत्तीस काय मागता? ह्यात हजार आहे, हजार!"

"काकू, बत्तीसच्या जागी हजार," भोंगा ओरडला. आख्खं दुकान वळून बघायला लागलं.

मलाही आनंदच झाला. बत्तीस कुठे, हजार कुठे! तरी मी हुशारीने विचारलं, "पण ह्यात माया आहे का?"

"आहे ना! दोन वर्षांची."

आता काय विचारायचं राहिलं? शाळेच्या पोरांच्या कपड्यांत मी स्वतः दोन वर्षांचीच माया ठेवायचे. त्याहून जास्त ठेवली तर कपडा फुगतो.

मग हसऱ्याने एकेक गुण दाखवला. बटणांखालून लाल, हिरवे, निळे दिवे. पडद्याला बोट लावलं की पान सरकतं. म्हणजे अजून बोटं! मला शिसारी आली, पण भोंगा म्हणाला ह्यालाच पुढारलेलं म्हणतात. पडदा मात्र मोठा, हे मला आवडलं. जड आहे खरा. पिशवीने खांदा दुखला. पण टेबलावरच तर राहणार.

निघताना हसऱ्याने भोंग्याच्या हातात कानात घालायच्या गाण्याच्या यंत्राची डबी ठेवली. "ओळखीची भेट, काकू," भोंगा म्हणाला. माणसाला बाहेर किती मान असतो, आपल्याला घरात किंमत नसते.

घरी आल्यावर त्यानेच खोकं फाडलं, वरचा प्लास्टिकचा पापुद्रा ओढून काढला, आणि लगेच काप खायला बसला.

९ तारीख, रविवार

टाचणीने काल आल्याआल्या लॅपटॉप पाहिला, दोन्ही हातांनी उचलून बघितला आणि परत ठेवला. आज सकाळी कोट उघडला. बाहुली आली, एका बाहीत हात घातला, आणि थिजली. एक हात आत, एक बाहेर. मी म्हटलं, दुसरा हात घालायला लाव की. टाचणी म्हणाली, "आजी, ह्याची मेमरी आठ आहे."

"हजार आहे. मी स्वतः विचारलं."

"ते कपाट."

मग ती तोंड धुवायला गेली. नळ बराच वेळ चालू होता. एवढं तोंड धुण्यासारखं काय होतं तिच्या तोंडाला? मी दार वाजवलं तर म्हणाली, साबण डोळ्यात गेला.

मी तोवर त्या बाहुलीकडे बघत बसले. खाली लाल, हिरवे, निळे दिवे फिरत होते. असलं ओंगळ काही मी जन्मात पाहिलं नाही. दोन वर्षं पोरीने शिकवण्या घेऊन साठवलेले पैसे, आणि बाहुलीला बाही घालता येत नाही.

१० तारीख, सोमवार

सकाळी उघडायच्या आधीच मी दुरुस्तीवाल्याच्या फटीपुढे. त्याने खालची झाकणी काढली, भिंग लावलं. "आजी, डाग देऊन बसवलीय. आठची आठच राहणार."

"पण तो म्हणाला, दोन वर्षांची माया आहे!"

तो इतका हसला की भिंग खाली पडलं. "अहो, त्याला वाटलं तुम्ही वॉरंटी विचारताय. दोन वर्षांत बिघडला तर फुकट दुरुस्त करून देतील, एवढंच."

मला अंगावर पाल पडल्यासारखं झालं. भोंग्याचा राग, हसऱ्याचा राग, पण सगळ्यांत जास्त किळस माझीच आली. शब्द विचारला आणि अर्थ न विचारता हो म्हणून मोकळी झाले. गिऱ्हाईक "जरा सैल" म्हणायचं, तेव्हा मी दहा वेळा विचारायचे, कुठे सैल, किती सैल.

लॅपटॉप पिशवीत घातला आणि एकटी दुकानात गेले. हसरा म्हणाला, खोकं उघडलं, पापुद्रा काढला, आता परत नाही. मी म्हटलं बरं, आणि दाराशी उभी राहिले. येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायला लागले, "बाबा, घेतोस तर आधी माया विचार. हा पोरगा दोन वर्षांची सांगतो, ती खोटी असते." एक जोडपं हातातला लॅपटॉप ठेवून निघून गेलं. दुसरे एक गृहस्थ मला आत बोलावून सगळं समजावून घ्यायला लागले. मी बाही उलटी करून दाखवली.

मग आतल्या खोलीतून दुकानाच्या मोठ्या बाई आल्या. चेहरा असा, जसा काही मी त्यांच्या फरशीवर चिखल आणलाय.

"आजी, काय पाहिजे तुम्हाला?"

"मेमरी बत्तीस. हे बोटं लावायचं नको, दिवे नको, हजाराचं कपाट नको. कपाट छोटं द्या, पण दुसरं बसवायला जागा रिकामी असू द्या." दुरुस्तीवाल्याकडून घोकून आले होते.

हसऱ्याचं हसू गेलं. "मॅडम, ह्यांना ते साहेब घेऊन आले होते. महिन्याला चार गिऱ्हाइकं आणतात ते."

असं! म्हणजे ती डबी. मला वाटलं मान.

मोठ्या बाई म्हणाल्या, उघडलेल्याच्या बदल्यात उघडलेलाच मिळेल. आणि बोट दाखवलं. मांडणीवर ठेवलेला, तोच, शिंकलेला वाळलेला! बत्तीस मेमरी, कपाट छोटं, शेजारी रिकामी जागा, दिवसभर बॅटरी, वजनाला वहीएवढा. सगळं चिठ्ठीप्रमाणे. आणि वर आख्ख्या गावाची बोटं.

पडदाही छोटा, मला बाहुली दिसायची पंचाईत. पण चिठ्ठी पोरीची होती, माझी नव्हती. मी म्हटलं, "द्या." उचलला तर बोटं चिकटली. शी, शी, शी. घरी येईपर्यंत हात अंगापासून लांब धरून चालले.

११ तारीख, मंगळवार

दुरुस्तीवाल्याने उघडून तपासला, आतून स्वच्छ आहे म्हणाला. बाहेरचं मी केलं. कापूस, मऊ फडकं, त्याने दिलेलं औषध. एकेक बटण. कापसाचे चौतीस बोळे काळे झाले. कुणाची जांभळी शाई, कुणाची क्रीम, आणि ते शिंकलेलं मी डोळे मिटून पुसलं. चार वेळा हात धुतले, तरी जेवताना बोटांना वास येतोय असं वाटलं.

टाचणी माझ्या शेजारी बसून राहिली. म्हणाली, "आजी, मी करते." मी म्हटलं, तुझी नखं कोवळी आहेत, गप बस.

मग तिने बाहुलीला उभं केलं. एक हात, दुसरा हात, बटणं, आणि चालायला लागली! टाचणीने मला उचलून गिरकी मारली. टाचणीएवढी पोरगी, मला उचलते!

भोंगा येऊन गेला. मी दारातच म्हटलं, "डबीतलं कानात घाल, म्हणजे मी बोलते ते ऐकू येणार नाही." मग बोलले. होनाबाई सगळ्याला "हो ना, हो ना" म्हणाली, आणि भोंगा तिच्याकडे बघतच राहिला.

१४ तारीख, शुक्रवार

तीन मापं झाली. पोरगी दिवसभर तारेशिवाय काम करते, गच्चीवर बसते, पायऱ्यांवर बसते. मी म्हटलं टेबल कशाला आहे, तर म्हणते सवय करतेय.

आज तिने बाजारातून छोटं कुलूप आणलं. कशाला, तर असंच. सून तिला पांघरूण लहान घडी कसं करायचं ते दाखवत होती. एवढ्या मोठ्या मुलीला आत्ता? मी तोवर टेबलाच्या पायाखाली पट्टी लावली, डगडगत होतं. उंची दोन बोटं वाढवली, तिची पाठ दुखायला नको. नोकरी लागली की रोज इथेच तर बसणार.

१७ तारीख, सोमवार

बाई आल्या, बरोबर त्यांचे कटिंग मास्तर. बाईंनी बूट न काढता चटईवर पाय दिला. मास्तरांच्या करंगळीचं नख बोटभर वाढलेलं, त्याच नखाने कान कोरतात आणि त्याच नखाने पडद्यावर टोचून विचारतात, "हा खांदा असा का?" मी चौतीस बोळे घालवलेला पडदा! मी फडकं घेऊन मागेच उभी राहिले.

पण टाचणी! एकेक माप चढवत गेली. बाहुली बारीक, बाहुली जाड, बाहुली उंच, सहाच्या सहा, आणि लॅपटॉप एकदासुद्धा अडखळला नाही. मास्तर नख खाली ठेवून म्हणाले, "मी ह्याला तीन दिवस घेतो." मला असा आनंद झाला, की त्या नखासकट त्यांना चहा दिला.

बाईंनी चहा अर्धा टाकला. कपाच्या कडेला ओठांचा लाल रंग तसाच. कप खाली ठेवून म्हणाल्या, "मग ठरलं. खोलीची किल्ली तयार आहे. आमच्याकडे आणखी चार मुली राहतात."

"कुणाच्या खोलीची?" मी विचारलं.

सून खिडकीकडे बघत होती.

बाई म्हणाल्या, "आजी, कारखाना इथून बसने नऊ तास. तिथेच राहावं लागेल ना."

मी कप उचलून मोरीत गेले. तो लाल रंग निघता निघत नव्हता. नखाने खरवडला. आख्ख्या घराला ठाऊक होतं, आणि मी टेबलाची उंची वाढवत होते.

टाचणी मागे येऊन उभी राहिली. "आजी, तुला सांगणार होते. आधी जमलं पाहिजे ना. तू नको म्हणालीस तर नाही जाणार. खरंच."

मी वळले नाही. वळले असते तर नको म्हटलं असतं.

"चौथ्या मापाचा खांदा अर्धा बोट पुढे आलाय," मी म्हटलं. "त्या कानकोऱ्याला दिसला नाही, मला दिसला. जायच्या आधी नीट कर. तिथे जाऊन माझं नाव घालवू नकोस."

ती माझ्या पाठीला चिकटली. नाक ओलं होतं, माझ्या कपड्याला पुसलं. घाणेरडी. पुसू दिलं.

बाहेर येऊन मी बाईंना म्हटलं, पोरीला शिळं चालत नाही, आणि खोलीतली मोरी आधी घासून घ्या. त्या हसल्या. पोरीला न्यायला गाडी घेऊन स्वतः येते म्हणाल्या, मास्तरही येणार. मी म्हटलं, या, पण बूट दाराशी, आणि नख कापून. मास्तरांनी हात मागे घेतला.

गुरुवारी सकाळी नऊला येतो म्हणालेत.